बोरूची नळी, बुडवलेला कुत्रा आणि मामाचा आवाज

ऐरोलीच्या मामाला न्यूमोनिया झाला, तिसऱ्या दिवशी ठाण्यातल्या हॉस्पिटलच्या आयसीयूतून निरोप आला की श्वासाची नळी टाकावी लागेल, सही करा. मामीने सही केली आणि बाहेर येऊन पहिलं काय विचारलं तर आता ह्यांचा आवाज जाणार का, कारण मामा भजनी मंडळात गातो आणि गवळण त्याच्याशिवाय होत नाही. तोवर नातेवाइकांच्या ग्रुपवर "नळी टाकली म्हणजे आता काय..." सुरू झालेलं. कोविडपासून हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण ही नळी मरणाची नाहीच, दमलेल्या फुप्फुसांना चार दिवस उसंत देणारी आहे, आणि तिचा इतिहास तर इतका भन्नाट आहे की त्या रात्री बाकड्यावर बसून मी मामीला तोच सांगत होतो.

आधी आवाजाचं. नळी तोंडातून जाते आणि आवाज काढणाऱ्या दोन स्वरपट्ट्यांच्या मधून खाली श्वासनलिकेत उतरते, म्हणून ती आत असेपर्यंत बोलता येत नाही, एवढंच. मोठ्या माणसाची नळी आतून साधारण ७ ते ८ मिलिमीटर, बाहेर सेंटीमीटरच्या खुणा, पुरुषाच्या दाताशी बहुतेक २३ च्या आसपासची खूण येते. खालच्या टोकाला छोटा फुगा असतो, तो फुगवला की हवा बाजूने गळत नाही आणि थुंकी-उलटी फुप्फुसात जायची भीती बरीच कमी होते.

आता ही कल्पना जुनी किती, तर १५४३ ची. व्हेसालियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने आपल्या गाजलेल्या ग्रंथात लिहून ठेवलं की जनावराच्या श्वासनलिकेला भोक पाडा, त्यात बोरूची नाहीतर वेताची नळी घाला आणि फुंका, फुप्फुस परत वर येतं. आजच्या व्हेंटिलेटरचं अख्खं तत्त्व त्या एका फुंकरीत आहे! १६६७ मध्ये लंडनला रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने भात्याने हवा भरून कुत्रा जिवंत ठेवून दाखवला. म्हणजे नळीही होती आणि भाताही होता, पण पुढच्या शतकात लंडनच्या लोकांनी तोच भाता शरीराच्या भलत्याच टोकाला लावला. नदीत बुडालेल्या माणसाला बाहेर काढून त्याच्या गुदद्वारातून तंबाखूचा धूर आत सोडायचे, जीव परत येईल म्हणून. हे कुणा भोंदूचं काम नव्हतं, १७७४ मध्ये बुडालेल्यांना वाचवायला चांगल्या लोकांनी काढलेली संस्था थेम्स नदीच्या काठाने त्या धुराच्या सामानाची पेटी ठेवायची. कल्पना करा, मासुंदा तलावाच्या काठावर कॉर्पोरेशनने अशी पेटी टांगलीय! मामी त्या रात्री पहिल्यांदा इथे हसली. १८११ मध्ये ब्रोडी नावाच्या इंग्रज डॉक्टरने तंबाखूतलं विष जनावराचं हृदय बंद पाडतं हे दाखवलं आणि मग हा प्रकार मागे पडत गेला.

तोंडातून नळी घालून भूल द्यायचं श्रेय ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेन या सर्जनला, १८७८. त्याने आधी प्रेतांवर सराव केला आणि मग जाग्या पेशंटच्या घशात बोटाने चाचपत धातूची नळी उतरवली, नळी घालताना आत बघायची सोयच नव्हती. त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये जोसेफ ओड्वायर घटसर्पाने गुदमरणाऱ्या पोरांच्या घशात अशाच नळ्या घालत होता, त्यावेळी गळ्याला भोक पाडणं हाच दुसरा मार्ग होता, त्यामुळे त्याचं मोल त्या आयांनाच विचारायला हवं होतं.

घशाच्या आत दिसायला लागलं ते मात्र त्याच्याही आधी, एका गाण्याच्या मास्तरामुळे, आणि हे मामीला फार आवडलं. मॅन्युएल गार्सिया, स्पॅनिश गायक-शिक्षक, १८५४ मध्ये त्याने दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने उन्हाचा कवडसा पाडला आणि स्वतःच्या स्वरपट्ट्या हलताना बघितल्या. गाणाऱ्याने स्वर कुठून येतो ते बघायला आरसा धरला आणि त्यातून घशाच्या डॉक्टरकीची सुरुवात झाली! १०१ वर्षं जगला तो. आज डॉक्टर घसा बघायला जे वाकडं पातं वापरतात ते मॅकिंटॉश या भूलतज्ज्ञाचं, १९४३ चं.

पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेले सैनिक इंग्लंडमध्ये सिडकपच्या हॉस्पिटलात यायचे, आता जिथे ऑपरेशन तिथेच भुलीचा मास्क कसा ठेवणार? मॅगिल आणि रोबोथम या दोघा डॉक्टरांनी रबरी नळ्या घशातून घालायला सुरुवात केली. मॅगिल रबरी नळीचं वेटोळं आणून तुकडे कापायचा, आणि वेटोळ्यात राहून नळीला जो बाक यायचा तो घशाला बरोब्बर बसायचा. आजच्या प्लास्टिकच्या नळीलाही तोच बाक मुद्दाम देतात.

आणि फुगा? तो अमेरिकेतल्या ग्वेडेल आणि वॉटर्स या दोघा भूलतज्ज्ञांचा, १९२८ मध्ये त्यांनी तो छापून मांडला, आधी रबरी हातमोज्यांची बोटं कापूनसुद्धा प्रयोग केले. लोकांना पटेना म्हणून ग्वेडेलने कुत्र्याला भूल दिली, फुग्याची नळी घातली आणि सगळ्यांसमोर त्याला अख्खा पाण्याच्या टाकीत बुडवला. नळीतून श्वास चालू. बाहेर काढल्यावर तो जागा झाला, अंग झटकलं आणि पुन्हा झोपला. त्याचं नाव ठेवलेलं एअरवे, म्हणजे हवेची वाट.

पण नळी ऑपरेशन थिएटरबाहेर येऊन पेशंटच्या खाटेशी आली ती १९५२ च्या कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत. श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ जणांपैकी २७ दगावले होते. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं की गळ्यात भोक पाडून फुग्याची नळी घाला आणि तिला जोडलेली हवेची पिशवी हाताने दाबत राहा. यंत्रं पुरेशी नव्हती, म्हणून जवळपास १५०० मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले, महिनोन्‌महिने, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचे आयसीयू तिथून पुढचे. मला तर ते व्हेंटिलेटरचं फुस-फुस ऐकलं की ती पोरंच आठवतात.

पाचव्या दिवशी सकाळी मामाची नळी काढली. आवाज घोगरा, पण आवाज होता. मामी आत गेली तर मामा म्हणाला, "चहा."

सिस्टर म्हणाली, "काका, अजून काही तास तोंडाने काही नाही."

मग मामीकडे वळून तो म्हणाला, "तू तर पिऊन ये, मी थांबतो."