पंखाच्या स्पारसाठी कार्बन ट्यूब: पल्ट्रुडेड की रोल-रॅप्ड?

मॉडेल विमानाचा पंख हलका करायचा म्हटलं की त्याच्या स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यासाठी, कार्बन ट्यूबचं नाव निघतंच. कोल्हापुरात बसून ती मागवायची तर बहुधा कुरियरने, म्हणजे आधी हातात घेऊन पारखायची सोय नाही. वर्णन एवढंच असतं: कार्बन फायबर, बाहेरून ८ मिमी, आतून ६ मिमी, लांबी १ मीटर. पण या एकाच वर्णनात दोन जातींच्या ट्यूब बसतात. दोन्ही काळ्या, दोन्हींचं वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. पंखात बसवल्यावर मात्र त्या अगदी वेगळ्या वागतात.

पल्ट्रुडेड ट्यूब करताना तंतू रेझिनमध्ये, म्हणजे पुढे कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून तापलेल्या डायमधून ओढतात. जवळपास सगळे तंतू लांबीच्या दिशेने जातात, म्हणून वाकवायला ती फार ताठ. आडवं धरून ठेवायला मात्र नुसतं रेझिन असतं. टोक पकडीत दाबलं की ती कळकासारखी उभी चिरते.

रोल-रॅप्डमध्ये इपॉक्सी रेझिन आधीच मुरवलेलं कार्बनचं प्रीप्रेग गुळगुळीत दांड्यावर, म्हणजे मँड्रेलवर गुंडाळतात. काही थर सरळ, काही ४५ अंशांत तिरपे, काही आडवे. वरून आकसणारी टेप करकचून गुंडाळायची, भट्टीत पकवायचं आणि थंड झाल्यावर दांडा ओढून काढायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांची कमी नाही, तेव्हा ज्यांना स्वतः ट्यूब करून बघायची असेल त्यांनी मँड्रेल ॲल्युमिनियमचा करून घ्यावा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि थंड होताना तेवढंच आकसतं. कार्बन जागचा फारसा हलत नाही, त्यामुळे दांडा सुटायला जागा मिळते. शेवटचं पॉलिश मात्र लांबीच्या दिशेनेच करायला सांगा. टूलची गोल फिरलेली बारीक रेघही राहिली, तर रेझिन तिच्यात जाऊन बसतं आणि दांडा अडकतो.

खरा फरक आहे पिळाचा. सरळ तंतूंच्या थराचा शिअर मॉड्युलस, म्हणजे पिळाला विरोध करणारा ताठपणा, साधारण ५ गिगापास्कल, तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत घातलेल्या थरांचा ३० च्या आसपास. पंखाला नुसता वाक सोसून भागत नाही. एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेचा हलणारा भाग, खाली गेला की पंखाची मागची कड वर उचलली जाते आणि पुढची कड खाली पिळली जाते. जी लिफ्ट (पंखाला वर उचलणारं बल) वाढवायची होती, तीच कमी होते. वेग वाढवला तर विमान उलट्या बाजूला रोल होऊ शकतं, नाहीतर पंख फडफडू लागतो. ही फडफड, म्हणजे फ्लटर, सुरू झाली की पंख वाचवायला फारसा वेळ मिळत नाही.

म्हणून निवड करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: माझ्या पंखात पीळ कोण घेणार आहे? पुढच्या कडेला वरून-खालून बाल्साच्या हलक्या लाकडाची शीट लावून बंद डी-बॉक्स केला असेल, तर पीळ तो घेतो. तिथे बेधडक पल्ट्रुडेड वापरा. त्याच वजनात ती कमी वाकते आणि स्वस्तही पडते. पण पंख उघडा असेल, नुसत्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि वर कव्हरिंग फिल्म, तर सगळा पीळ त्या एका ट्यूबवर येतो. तिथे रोल-रॅप्डच घ्यावी, तीही शक्य तितक्या मोठ्या व्यासाची. ८/६ ऐवजी १०/८ घेतली तर मीटरमागे जेमतेम १० ग्रॅम वाढतात आणि ताठपणा दुप्पट होतो. वजन वाचवायचं म्हणून बारीक ट्यूब घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावाच.

ट्यूब हातात आल्यावर आधी तिचं टोक भिंगातून बघा. रोल-रॅप्डमध्ये गुंडाळलेले थर कडेने दिसतात. पल्ट्रुडेडमध्ये थर नसतात, तंतूंचे नुसते ठिपके दिसतात. बाहेरच्या चौकड्यांच्या विणीवर जाऊ नका, तो नुसता शोभेचा वरचा थर असू शकतो.

खात्रीच करायची तर एक टोक लाकडी खाचेत धरून व्हाइसमध्ये आवळा. दुसरं टोक खाचेवर टेकवून ठेवा, म्हणजे ते वाकणार नाही, नुसतं फिरेल. त्या टोकाला २० सेंमीची आडवी काठी बांधून तिच्या शेवटी २०० ग्रॅम वजन टांगा. १ मीटरची ८/६ पल्ट्रुडेड ट्यूब हिशेबाने १६ अंशांच्या आसपास फिरते. तिरपे थर असलेली त्याच मापाची ट्यूब याच्या निम्म्याहूनही कमी फिरायला हवी.

पंख फ्यूजलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, जोडतो त्या जागी पल्ट्रुडेड असेल, तर टोकाला २ सेंमीपर्यंत केव्हलारचा दोरा दाट गुंडाळून त्यात पातळ सीए (झटपट चिकटणारा गोंद) मुरवा, म्हणजे चीर पडत नाही. कापताना मास्किंग टेप लावा, डायमंड डिस्क वापरा, कड पाण्यात भिजवून घासा आणि मास्क लावल्याशिवाय बसू नका. ही धूळ फुप्फुसात जायला नको. आणि जात कुठलीही असो, रिसीव्हरची अँटेना ट्यूबला चिकटवून नेऊ नका. कार्बन वीजवाहक आहे, तो २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो.