एपिस्कोपल पॅरिशमधील संक्रमणकालीन पाळकवर्ग

एपिस्कोपल चर्चच्या एखाद्या पॅरिशचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, रेक्टर (मुख्य पाळक) निवृत्त झाला, दुसरीकडे गेला, वारला किंवा पायउतार झाला, की नवा रेक्टर रुजू होईपर्यंत त्या मंडळीची उपासना आणि पाळकीय सेवा सांभाळणारे दीक्षित सेवक म्हणजे संक्रमणकालीन पाळकवर्ग. रविवारपुरता येणारा पाहुणा पाळक, ठरावीक मुदतीचा अंतरिम रेक्टर, बिशपने नेमलेला ‘प्रीस्ट-इन-चार्ज’ (प्रभारी पाळक), आधीपासून तिथेच असलेला सहायक पाळक आणि डीकन (प्रीस्टच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) हे सगळे त्यात येतात. एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन परंपरेची मुख्यतः अमेरिकेतील शाखा असून तिथे रेक्टरचे पद वर्षभर, काही वेळा त्याहूनही अधिक काळ रिकामे राहते.

इतका वेळ लागतो, कारण तिथे रेक्टर वरून पाठवला जात नाही. मंडळी त्याला बोलावते. महाराष्ट्रातील वाचकाला हा फरक चटकन जाणवेल. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकन परंपरा सामील झाली आहे, पण त्या चर्चमध्ये पाळकांच्या नेमणुका आणि बदल्या धर्मप्रांतातून (एका बिशपच्या अखत्यारीतील विभागातून) होतात. अमेरिकेत वसाहतकाळात एकही अँग्लिकन बिशप नव्हता. त्यामुळे व्हर्जिनियासारख्या वसाहतीत पॅरिशचा कारभार पाहणाऱ्या समितीने, म्हणजे व्हेस्ट्रीने, पाळक ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. काही व्हेस्ट्री पाळकाला कायम न करता वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवत. स्वातंत्र्ययुद्धानंतर, १४ नोव्हेंबर १७८४ रोजी, सॅम्युएल सीबरी यांना स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे बिशपपदाची दीक्षा मिळाली. १७८९ मध्ये चर्चची घटना आणि नियमही ठरले. तरी रेक्टर निवडण्याचा व्हेस्ट्रीचा हक्क कायम राहिला.

निवडलेल्या रेक्टरला आजही सर्वसाधारणपणे मुदत नसते. व्हेस्ट्रीला तो मनाला येईल तेव्हा काढता येत नाही, आणि त्यालाही व्हेस्ट्रीच्या संमतीवाचून पद सोडता येत नाही. दोघांचे पटेनासे झाले तर प्रकरण बिशपकडे जाते. वयाच्या ७२ व्या वर्षी मात्र राजीनामा द्यावाच लागतो. इतके घट्ट नाते सुटल्यावर घाईघाईने दुसरे जोडू नये, अशी या चर्चची रीत पडली आहे आणि ती शहाणपणाची आहे.

रेक्टर गेल्यावर वॉर्डननी, म्हणजे व्हेस्ट्रीच्या प्रमुख पदाधिकाऱ्यांनी, बिशपला तसे लेखी कळवायचे असते. तीस दिवसांत व्हेस्ट्रीने उपासनेची व्यवस्था केली नाही, तर ती जबाबदारी बिशपवर येते. कारभाराचा भार या काळात सीनियर वॉर्डनच्या खांद्यावर पडतो. हा बहुधा नोकरी-व्यवसाय सांभाळून चर्चचे काम करणारा सभासद असतो, आणि एकाएकी इमारतीच्या दुरुस्तीपासून कर्मचाऱ्यांच्या पगारापर्यंत सगळे त्याच्यापुढे येते. पैसा, इमारत, बैठका हे सारे सभासद चालवू शकतात. भाकर आणि द्राक्षारस पवित्र करून वाटण्याचा प्रभुभोजनाचा विधी मात्र प्रीस्ट किंवा बिशप यांनाच करता येतो. पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वादही त्यांच्याकडेच. पूर्वी पुष्कळ पॅरिशांत रविवारची मुख्य उपासना ही सकाळची प्रार्थना असे, आणि ती सामान्य सभासदही चालवू शकतो. १९७९ च्या ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ या उपासनाग्रंथाने प्रभुभोजन हीच रविवारची मुख्य उपासना ठरवली. तेव्हापासून पाळकाविना गेलेला रविवार मंडळीला फार लागतो.

पहिले काही आठवडे बहुधा पाहुण्या पाळकांवर निभावतात. हे बरेचदा निवृत्त प्रीस्ट असतात आणि ठरलेले मानधन व प्रवासखर्च घेऊन येतात. असा पाळक उपासनेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचतो आणि वेदीची तयारी करणाऱ्या सेविकांना बारीकसारीक गोष्टी विचारून घेतो: लोक भाकर घ्यायला गुडघे टेकतात की उभे राहतात, प्याला कोण धरते, ग्लूटेन न चालणाऱ्यांसाठीची भाकर कुठे ठेवली आहे, शेवटचे गीत आशीर्वादाआधी की नंतर. उपासना संपल्यावर तो सेवानोंदवहीत तारीख, उपस्थिती आणि आपली सही घालतो. पुढच्या रविवारी दुसरा कोणी. विधी चुकत नाही, पण इस्पितळात कोण आहे आणि कोणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला हे पाहुण्याला माहीत नसते. प्रार्थनेत नावे वाचली जातात, त्यांमागची माणसे तो ओळखत नाही.

ती ओळख सहायक पाळकाजवळ असते, आणि नेमकी त्याचीच खुर्ची सर्वांत डळमळीत. चर्चच्या नियमांनुसार सहायक हा रेक्टरच्या मर्जीवर असतो, आणि रेक्टरच्या कारकिर्दीपलीकडे त्याला राहता येत नाही. नव्या रेक्टरची निवड होईपर्यंत व्हेस्ट्रीने विनंती केली तरच, आणि व्हेस्ट्री ठरवील त्या अटींवर, तो सेवेत राहतो. म्हणजे ज्या महिन्यांत मंडळी त्याच्यावर सर्वाधिक विसंबते, त्याच महिन्यांत त्याला स्वतःसाठी दुसरी जागा शोधावी लागू शकते. येणाऱ्या रेक्टरला आपले सहकारी निवडता यावेत हा या नियमाचा हेतू समजण्यासारखा आहे. तरी त्याची किंमत तरुण पाळक आणि त्यांची कुटुंबे मोजतात, ही बाब संक्रमणाच्या चर्चेत फारच कमी येते. व्हेस्ट्रीने सहायकाशी मुदत, पगार आणि घराविषयी पहिल्याच बैठकीत लेखी बोलणे करून घेणे, एवढे तरी तिच्या हातात असते.

डीकनचे तसे नाही. त्याची नेमणूक बिशप करतो, त्यामुळे रेक्टर गेला म्हणून डीकन आपोआप जात नाही. तो शुभवर्तमान वाचतो, उपदेश करू शकतो, आजाऱ्यांना भेटतो. प्रीस्ट मिळेनासा झाला, तर बिशपच्या परवानगीने आधी पवित्र करून राखून ठेवलेले प्रभुभोजन तो मंडळीला वाटू शकतो. ते नव्याने पवित्र करण्याचा अधिकार त्याला नाही. बहुतेक डीकन बिनपगारी असतात. काही पॅरिशांत रेक्टर येतात-जातात, पण डीकन तोच राहतो, आणि गावाची दुखणीखुपणी त्याला ठाऊक असतात.

अंतरिम रेक्टरची कल्पना यांच्या मानाने नवी. एपिस्कोपल प्रीस्ट लॉरेन मीड यांनी १९७४ मध्ये अल्बन इन्स्टिट्यूट स्थापन केली. रेक्टर नसलेला काळ हा नुसता रिकामा काळ नसून मंडळीने स्वतःकडे पाहण्याची वेळ आहे, असा विचार तिथून पसरला. १९८० च्या दशकात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले पाळक तयार होऊ लागले. त्यांच्या कामाचे पाच भाग मानले जातात: मंडळीने आपला इतिहास नीट स्वीकारणे, आज आपण कोण आहोत हे ओळखणे, नेतृत्वातले बदल पेलणे, धर्मप्रांताशी नाते नव्याने जोडणे आणि येणाऱ्या पाळकासाठी मनापासून तयार होणे. यातला पहिला भाग सर्वांत अवघड. तीस वर्षे राहिलेल्या लाडक्या रेक्टरच्या जागी येणाऱ्याची तुलना सतत त्याच्याशी होते. आणि आधीचा पाळक गैरवर्तनामुळे गेला असेल, तर मंडळीत गट पडलेले असतात. अंतरिम पाळकाला तो राग, ते दुःख बोलते करावे लागते. जुने हिशेब तपासणे, वर्षानुवर्षे एकाच कुटुंबाकडे राहिलेल्या जबाबदाऱ्या इतरांना देणे, अशी वाईटपणा घेण्याची कामेही त्याच्याकडे येतात. त्याला ती जमतात, कारण तो तिथे राहायला आलेला नसतो. म्हणूनच बहुतेक धर्मप्रांतांत अंतरिम रेक्टरला त्याच पॅरिशच्या रेक्टरपदासाठी उभे राहता येत नाही. आपल्याला हीच जागा मिळावी अशी आशा ज्याला आहे, तो कटू बोलायला कचरेल.

प्रीस्ट-इन-चार्जची गोष्ट निराळी आहे. व्हेस्ट्रीशी विचारविनिमय करून बिशप त्याला नेमतो, आणि पुढे तोच रेक्टर होण्याची वाट अनेक ठिकाणी खुली असते. याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्च वॉल स्ट्रीटचे. १६९७ च्या राजसनदेने उभी राहिलेली ही पॅरिश मॅनहटनमधील जमिनीमुळे विलक्षण श्रीमंत आहे. २०२० मध्ये तिथले रेक्टरपद रिकामे झाले, तेव्हा आधीपासून तिथे व्हिकर, म्हणजे रेक्टरच्या हाताखालचे पाळक, असलेले फिलिप जॅक्सन प्रीस्ट-इन-चार्ज झाले. करोनाच्या साथीचा काळ त्यांनी त्याच पदावरून निभावला आणि २०२२ मध्ये रेक्टर म्हणून सूत्रे घेतली. ते या पॅरिशचे पहिले कृष्णवर्णीय रेक्टर.

निवडीचे काम व्हेस्ट्रीने नेमलेली शोधसमिती करते. समिती सभासदांच्या बैठका घेऊन पॅरिशची ओळखपत्रिका तयार करते, त्यात उपस्थिती, अंदाजपत्रक आणि अपेक्षा मांडते, आणि धर्मप्रांताच्या संक्रमण अधिकाऱ्यामार्फत आलेल्या उमेदवारांना भेटते. नावे बिशपला कळवल्याशिवाय आणि त्याला आपले म्हणणे सांगायला वेळ दिल्याशिवाय व्हेस्ट्रीला निवड करता येत नाही. अंतरिम पाळक या शोधापासून कटाक्षाने दूर राहतो. रविवारच्या उपासनेत मात्र, उपासनाग्रंथात रेक्टरच्या निवडीसाठी दिलेली प्रार्थना तो मंडळीकडून म्हणवून घेतो.

नवा रेक्टर आल्यावर बिशपच्या उपस्थितीत नव्या सेवाकार्याचा विधी होतो. मंडळीचे प्रतिनिधी त्याला बायबल, पाण्याचे भांडे, स्टोल (पाळकाच्या गळ्यातील पट्टा), प्रार्थनापुस्तक, तेल, चर्चच्या किल्ल्या, भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतात. आधीचा रेक्टर आणि अंतरिम पाळक यांनी त्यानंतर त्या पॅरिशमधील लग्ने, बाप्तिस्मे, अंत्यविधी नव्या रेक्टरच्या निमंत्रणाशिवाय करू नयेत असा दंडक आहे. वीस वर्षांच्या स्नेहाच्या माणसाला आईच्या अंत्यविधीसाठी ‘तुमच्या रेक्टरना विचारा’ असे सांगणे जुन्या पाळकाला जड जाते. पण हा दंडक मोडला, तर नव्या माणसाला पाय रोवता येत नाहीत.

अलीकडे छोट्या पॅरिशांना पूर्ण वेळ रेक्टरचा पगार झेपत नाही. त्यामुळे दोन-तीन पॅरिशनी मिळून एक पाळक ठेवणे, अर्धवेळ नेमणूक, किंवा शोधाची लांबलचक प्रक्रिया टाळून थेट प्रीस्ट-इन-चार्ज आणणे असे मार्ग अनेक धर्मप्रांत स्वीकारत आहेत. प्रशिक्षित अंतरिम पाळक अशा ठिकाणी परवडत नाही; मग त्याची कामे नवा पाळक, डीकन आणि वॉर्डन यांच्यात वाटली जातात.