जुना लॅपटॉप आणि जबरदस्तीचं अपग्रेड : मागची गोष्ट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलात तरी सध्या एकच प्रश्न कानावर येतोय, विंडोज १० बंद झालं म्हणतात, मग ह्या लॅपटॉपचं आता काय करायचं. बंद काही झालेलं नाही, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीनं मोफत सिक्युरिटी अपडेट थांबवले, मशीन चालू होत होतं तसं होतंय. खरं लोकांचा राग नुसता त्याचा नाही. आज ज्या लॅपटॉपला "तुझं वय झालं, तुला विंडोज ११ मिळणार नाही" असं सांगितलं जातंय, त्यातल्याच कितीतरी मशीनवर २०१५-१६ साली विंडोज १० अक्षरशः मागं लागून चढवलं होतं, आणि ते कसं चढवलं हे समजून घेतल्याशिवाय आजचं चित्र नीट दिसत नाही.

त्याच्या आधीचा काळ थोडक्यात. विंडोज एक्सपी होतं तेव्हा अपग्रेड म्हणजे सीडी आणायची, डाटा दुसरीकडं काढून ठेवायचा, दुकानात मशीन द्यायचं, आणि हे सगळं आपण ठरवलं तरच. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला तरी त्यानंतर कितीतरी वर्षं कारखान्यात, सोसायटीत, शाळेत ते निवांत चालू होतं, कुणी काही चढवायला आलं नाही.

बदललं ते २०१५ मध्ये. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला आणि विंडोज ७ किंवा ८.१ वापरणाऱ्यांना वर्षभर फुकट, म्हणजे २९ जुलै २०१६ पर्यंत. फुकट म्हटल्यावर वाईट काय, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, आणि ज्यांना हवं होतं त्यांच्यासाठी चांगलंच होतं. घड्याळाशेजारी एक छोटं पांढरं खिडकीचं चिन्ह यायला लागलं, "तुमची कॉपी बुक करा" म्हणून. ते येत होतं केबी ३०३५५८३ नावाच्या अपडेटमधून. जाणकार पोरं ते अनइन्स्टॉल करून लपवायची, काही दिवसांनी तेच अपडेट सुधारून परत यायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये तर असं बाहेर आलं की ज्यांनी काही बुकच केलं नाही त्यांच्याही सी ड्राइव्हवर एका लपवलेल्या फोल्डरमध्ये साडेतीन ते सहा जीबीची फाईल आधीच उतरवून ठेवलेली आहे, आणि कंपनीनं ते मान्यही केलं. फेब्रुवारी २०१६ ला हे अपग्रेड "ऐच्छिक"मधून उचलून "शिफारस केलेल्या" अपडेटच्या यादीत टाकलं, आणि बहुतेक मशीनवर शिफारस केलेले अपडेट आपोआप घ्यायची सेटिंग असतेच की.

आता क्रॉसच्या बटणाची गोष्ट. यावर जरा सविस्तर लिहायला पाहिजे, कारण माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच आहे. मे २०१६ च्या सुमाराला जी खिडकी यायची तिच्यात लिहिलेलं असायचं की तुमचं मशीन अमुक तारखेला अमुक वाजता अपग्रेड होणार आहे. खाली दोन बटणं, एक ओके आणि एक आत्ताच करा. रद्द करायची सोय होती, खरं ती मजकुरात बारीक अक्षरातल्या एका लिंकमध्ये. आता कॉम्प्युटर शिकवताना आपण पहिल्या दिवसापासून काय सांगत आलोय, नको असलेलं काही आलं की वरच्या कोपऱ्यातला लाल क्रॉस दाबायचा. लोकांनी तेच केलं. आणि इथं क्रॉस दाबला की खिडकी बंद व्हायची, ठरलेली वेळ मात्र तशीच राहायची, म्हणजे नको म्हणून दाबलेला क्रॉस हो म्हणून धरला जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला की स्क्रीनवर अपग्रेडचे टक्के वाढताहेत. "दादा, मी कायबी केलं नाही, हे आपोआपच करूलालंय," असं म्हणत त्या उन्हाळ्यात दुकानात आलेली माणसं खोटं बोलत नव्हती. कंपनीचं म्हणणं होतं की खिडकीत तारीख स्पष्ट लिहिलेली आहे, बदलायची सोय दिलेली आहे, आणि जुन्या सिस्टीमवर राहणं सुरक्षेच्या दृष्टीनं धोक्याचं आहे. शेवटचा मुद्दा खराच आहे, मीही तो मानतो. पण सुरक्षा हवी म्हणून माणसाच्या "नाही"चा अर्थ "हो" करायचा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. जूनच्या शेवटी कंपनीनं खिडकी बदलली, नको म्हणायचं वेगळं बटण दिलं, क्रॉसचा अर्थ परत क्रॉस केला. फुकट ऑफर संपायला तेव्हा महिनाच उरला होता. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंना, न मागता झालेल्या अपग्रेडनं कामाचं मशीन बिघडलं म्हणून, कोर्टानं १०,००० डॉलर भरपाई दिली होती आणि कंपनीनं अपील सोडून दिलं. आपल्याकडं कोर्टात कोण जातंय, लोक दुकानात गेले आणि पैसे भरून फॉरमॅट करून घेतलं.

ह्यात तारखांकडं एकदा नीट बघा. ऑफर संपली २९ जुलै २०१६ ला, स्वस्त ४जी सुरू झालं ५ सप्टेंबर २०१६ ला. म्हणजे जबरदस्तीचं अख्खं वर्ष आपल्याकडं महागड्या नेटच्या काळात गेलं, १ जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागायचे आणि खेड्यात लॅपटॉपला नेट म्हणजे यूएसबी डोंगल नाहीतर मोबाईलचं हॉटस्पॉट. एवढं मोठं डाउनलोड मागच्या मागं सुरू झालं की महिन्याचा पॅक एका रात्रीत साफ. निपाणी-कागलकडं तर आणखी एक त्रास, डोंगल कर्नाटकचं आणि पकडतंय महाराष्ट्राचा टॉवर, झालं, रोमिंग सुरू. त्यातच करंट जाणार आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी आधीच गेलेली, म्हणजे अपग्रेड अर्ध्यात अडकणार. हे सगळं ठरवणाऱ्या माणसांच्या डोळ्यासमोर असा ग्राहक नव्हताच.

सगळ्यात जास्त हाल झाले डीटीपीवाल्यांचे, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर लावून देणाऱ्यांचे. आपल्या भागात एकाच मशीनवर मराठी लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची पत्रकं आणि सरकारी कचेरीत द्यायचे कन्नड अर्ज असं सगळं चालतं. मराठीसाठी युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच दिसायच्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट आणि हार्डवेअर लॉकवर, म्हणजे मशीनला चावीसारखा लावायच्या छोट्या डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर, कन्नडसाठी नुडी किंवा बरह. अपग्रेड झालं की जुन्या लॉकचा ड्रायव्हर चालेना, सॉफ्टवेअर उघडेना, आणि त्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली की जोडाक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हं. मागं फिरायची सोय होती, पहिल्या महिनाभरात जुनी सिस्टीम परत आणता यायची, नंतर ती मुदतही १० दिवसांवर आणली. त्यासाठी सी ड्राइव्हमध्ये "विंडोज डॉट ओल्ड" नावाचं फोल्डर लागायचं, आणि ड्राइव्ह भरून लाल दिसतोय म्हणून बऱ्याच जणांनी डिस्क क्लीनअप करताना नेमकं तेच उडवलं.

पुढची काही वर्षं सहा-सहा महिन्यांनी मोठे अपडेट येत राहिले आणि होम आवृत्तीवाल्यांना ते टाळायला धड मार्ग नव्हता, वायफाय मीटर्ड करून ठेवायचं, म्हणजे नेट मोजून वापरायचं आहे असं विंडोजला सांगायचं, हाच उपाय. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटनं काही लोकांच्या डॉक्युमेंटमधल्या फायलीच उडाल्या, चार दिवसांत ते थांबवावं लागलं. त्यानंतर मे २०१९ मध्ये कुठं होमवाल्यांना ३५ दिवसांपर्यंत अपडेट थांबवायची मुभा मिळाली आणि मोठं अपडेट आपण बटण दाबल्यावरच उतरायला लागलं. हा बदल खरंच चांगला होता, फक्त चार वर्षं उशिरा आला.

आणि मग २०२१ ला उलटंच झालं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना चुकीचं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा म्हणजे साधारण २०१७ नंतरचा पाहिजे. तपासणीचं जे अ‍ॅप दिलं ते सुरुवातीला नुसतं नाही म्हणायचं, कारण सांगायचं नाही, काही दिवसांत ते मागं घेतलं. सातव्या जनरेशनमधले अगदी थोडे प्रोसेसर नंतर यादीत आले, त्यातला एक कंपनीच्या स्वतःच्याच महागड्या मशीनमधला. बेळगावात सेकंडहँड बाजारात विकले जाणारे बरेचसे लॅपटॉप पुण्या-बंगळूरच्या ऑफिसांतून निघालेले, चौथ्या ते सहाव्या जनरेशनचे. एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकली की आजही मस्त पळतात, कॉलेजच्या पोरांचं सगळं काम भागतं. ते सगळे बाहेर.

विंडोज १० साठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ३० डॉलर भरा, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर बॅकअप करा म्हणजे फुकट. युरोपातल्या लोकांना ही बॅकअपची अट काढून टाकली, आपल्याला आहे. शिवाय मशीन विंडोज १० च्या २२एच२ ह्या शेवटच्या आवृत्तीवर असायला लागतंय, आणि ज्यांचा सी ड्राइव्ह भरलेला म्हणून मोठे अपडेट वर्षानुवर्षं अडकलेत त्यांना तो पर्यायच दिसत नाही. तेव्हा आधी ड्राइव्ह मोकळा करा, २२एच२ घ्या, मग अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक येतेय का बघा.

अटी चुकवून विंडोज ११ चढवायचा रजिस्ट्रीतला (विंडोजच्या आतल्या सेटिंगांतला) एक मार्ग कंपनीनंच आपल्या मदत पानावर दिला होता, २०२५ च्या सुरुवातीला तो काढून टाकला. बाजारात तसं चढवून विकलेले लॅपटॉप आहेत, म्हणून सेकंडहँड घेताना नुसतं विंडोज ११ दिसतंय म्हणून घेऊ नका, प्रोसेसर कितव्या जनरेशनचा ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. डीटीपीवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी जुनं विंडोज ७ चं मशीन नेट तोडून तसंच ठेवलंय, मजकूर त्यावर लावतात, पीडीएफ करून पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर घेतात आणि तिथून प्रेसला पाठवतात.