ठोकळे फोडायचे कार्टून गेम

ठोकळे फोडायचे कार्टून गेम : मोबाईलवर फुकट डाउनलोड होणारे, कार्टूनमधली पात्रं घेऊन बनवलेले, एका रंगाचे ठोकळे जुळवून फोडायचे कोड्याचे खेळ. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये सगळ्याच गेमना सरसकट कँडी क्रश म्हणायची पद्धत आहे, मग स्क्रीनवर मांजर असो, अस्वल असो की डिस्नेची राजकन्या. नोंदीत मात्र प्रकार वेगळे धरलेत, कारण त्यांची घराणी वेगळी आहेत.

खेळायचं कसं हे फार सांगायला नको, घरात स्मार्टफोन आहे त्याला माहितीच असतं. एका प्रकारात शेजारशेजारचे दोन ठोकळे अदलाबदल करून तीन सारखे एका ओळीत आणायचे. दुसऱ्यात अदलाबदल नाही, एका रंगाचे दोन किंवा जास्त ठोकळे चिकटलेले असले की त्यावर नुसतं टॅप करायचं, ते जातात आणि वरचे खाली घसरतात. टून ब्लास्ट हा या दुसऱ्या प्रकारातला आपल्याकडं बऱ्यापैकी खेळला जाणारा गेम, त्यात पाच ठोकळ्यांचा गट फोडला की रॉकेट मिळतं, सातचा फोडला की बॉम्ब, नऊचा फोडला की डिस्को बॉल. रॉकेट आडवी किंवा उभी एक ओळ साफ करतं, डिस्को बॉल एका रंगाचे सगळेच ठोकळे उडवतो आणि दोन डिस्को बॉल शेजारी आले तर अख्खा बोर्डच. प्रत्येक लेवलला ठरावीक मूव्ह आणि एक काम, म्हणजे फुगे फोडा, खोकी फोडा, रबरी बदकं तळापर्यंत उतरवा असलं काहीतरी.

उगम

कुणी काढला हा खेळ, यावर एकमत नाही आणि वाद वाटतो तेवढा साधा नाही. बहुतेक जण सुरुवात टेट्रिसपासून करतात. मॉस्कोत अलेक्सी पाजितनॉव्हनं तो केला, त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे १९८४ मध्ये, काही अभ्यासक मात्र १९८५ कडं झुकतात, म्हणून साल 'साधारण १९८४-८५' असं धरलेलं बरं. पण टेट्रिसमध्ये रंग जुळवायचे नसतातच, ओळ भरायची असते, त्यामुळं वरनं पडणारे ठोकळे एवढंच त्याचं देणं म्हणता येईल. त्याच सुमाराला, १९८५ मध्ये, जपानमध्ये कुनिआकी मोरिबे यानं चेन शॉट नावाचा गेम केला. त्यात एका रंगाचा गट निवडायचा, तो जातो, वरचे खाली येतात. हाच गेम १९९२ नंतर सेमगेम या नावानं कॉम्प्युटरवर पसरला, ज्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर तो खेळलाय त्यांना आजचा टॅप करायचा कार्टून गेम बघितल्याबरोबर ओळख पटते, फक्त ठोकळ्यांना डोळे-नाक आलंय आणि वरनं नवे ठोकळे पडत राहतात.

अदलाबदलीच्या प्रकाराचं मूळ जास्त वादाचं. रशियात १९९४ मध्ये येवगेनी अलेमझिन यानं डॉस या जुन्या कॉम्प्युटर प्रणालीसाठी शारिकी केला, रंगीत गोळे अदलाबदल करून तीन जुळवायचे, आणि आज ज्याला मॅच-थ्री म्हणतात त्याचा पहिला नमुना म्हणून बरेच जण यालाच मान देतात. पण १९९५ चा जपानी पॅनेल दे पॉन आहे, त्यातही शेजारचे दोन ठोकळे बदलतात, फक्त आडवे, आणि त्याआधी १९९० च्या आसपास कॉलम्स आणि डॉक्टर मारिओ येऊन गेलेत ज्यात जुळवणी आहे पण अदलाबदल नाही. मग आला पॉपकॅप कंपनीचा बिज्वेल्ड, आधीचं नाव डायमंड माइन, काही ठिकाणी साल २००० दिलेलं असतं तर काही ठिकाणी २००१, यातला फरक बहुधा ब्राउझरवरची पहिली आवृत्ती मोजायची की विकायची आवृत्ती मोजायची यावरनं पडला असावा. बिज्वेल्ड करणाऱ्यांपैकी जेसन कपाल्का यानं प्रेरणा म्हणून एका साध्या रंग जुळवायच्या ब्राउझर गेमचा उल्लेख केलाय, शारिकीचा नाही. त्यामुळं शारिकीतनं बिज्वेल्ड आणि बिज्वेल्डमधनं बाकीचे, अशी जी सरळ वंशावळ सगळीकडं छापलेली दिसते तिच्यातला पहिला दुवा कच्चा वाटतो. डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यानं २००७ मध्ये या खेळांचा इतिहास मांडला, त्यात त्यानं एकाच बापाचा हट्ट न धरता टेट्रिस आणि चेन शॉट अशी दोन मुळं घेऊन फांद्या दाखवल्यात, आणि ती मांडणी जास्त पटते. टॅप करायचे गेम मोरिबेच्या घराण्यातले आणि अदलाबदलीचे दुसऱ्या फांदीवरचे, हे एकदा ध्यानात घेतलं की निम्मा वाद मिटतो.

आपल्याकडच्या काचापाणीशी नातं लावायचा मोह होतो, तिथंही रंगीबेरंगी बांगड्यांचे तुकडे असतात. पण काचापाणीत दुसऱ्या काचेला धक्का न लावता एक काच बोटानं बाजूला काढायची असते, रंग जुळवायचा प्रश्नच नाही, सगळी कसब बोटात. नातं नाही.

अवघडपणा

लेवल अडकली की 'ही सुटतच नाही' असं माणूस म्हणतो, तो उगाच म्हणत नाही, गणितात याला आधार आहे. थेरेझ बीडल, एरिक डेमेन या कॉम्प्युटर संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये टॅप करायच्या मूळ खेळाबद्दल दाखवलं की एकच उभी रांग असेल तर उत्तर कॉम्प्युटरला पटकन काढता येतं, पण दोन रांगा आणि पाच रंग झाले, किंवा पाच रांगा आणि तीन रंग, की अख्खा बोर्ड साफ होऊ शकतो का नाही हे ठरवणं एनपी-कम्प्लीट होतं. म्हणजे बोर्ड मोठा होत जाईल तसं सगळ्या बोर्डांना चालणारी झटपट पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही आणि सापडेल असं बहुतेक तज्ज्ञांना वाटत नाही. अदलाबदलीच्या गेमबद्दल असाच निकाल २०१४ मध्ये आला, एकदा संशोधक टोबी वॉल्श याच्याकडनं कँडी क्रशवर, आणि त्याच वर्षी इटालियन संशोधक ग्वाला, लेउची आणि नाताले यांच्याकडनं बिज्वेल्डसकट सगळ्या मॅच-थ्रीवर.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे. हे निकाल पूर्ण दिसणाऱ्या किंवा आधीच ठरलेल्या बोर्डाचे आहेत, नशिबाला तिथं जागा नाही. मोबाईलवर मात्र वरनं नवे ठोकळे पडतात आणि त्यांचा रंग आधी कळत नाही, त्यामुळं खेळणाऱ्याच्या हातात जेवढा भाग उरतो तो म्हणजे खालनं फोडणं, कारण तळातला गट गेला की वरचं सगळं हलतं आणि नवे गट आपोआप जमतात, आणि रॉकेट-बॉम्ब लगेच न वापरता शेजारी येऊ देणं. बाकीचं पडणाऱ्या रंगावर. 'मी हुशार आहे म्हणून लेवल गेली' आणि 'मी ढ आहे म्हणून अडकली' ही दोन्ही वाक्यं त्यामुळं अर्धीच खरी असतात, आणि हे लहान पोरांना तर मुद्दाम सांगावं.

कार्टून

पात्रं दोन वाटांनी येतात. एक म्हणजे आधीच गाजलेलं कार्टून भाड्यानं घ्यायचं, जसं २०१३ चा फ्रोझन फ्री फॉल किंवा जपानमध्ये २०१४ ला आलेला डिस्ने त्सुम त्सुम. दुसरी म्हणजे पात्रं स्वतःच घडवायची. टून ब्लास्टमधलं कूपर मांजर, वॉली लांडगा आणि ब्रूनो अस्वल हे असं घडवलेलं त्रिकूट, टीव्हीवर कधी नव्हतंच. तो गेम इस्तंबूलच्या पीक कंपनीनं २०१७ मध्ये काढला, झिंगा या अमेरिकन गेम कंपनीनं २०२० मध्ये ही कंपनी १८० कोटी डॉलरला घ्यायचा करार केला, आणि तिथनंच बाहेर पडलेल्या मंडळींनी पुढं रॉयल मॅच आणला, म्हणजे या धंद्याचं एक मोठं केंद्र आज तुर्कस्तानात आहे. भारतीय पात्रांत छोटा भीम (पोगोवर २००८ पासून) आणि मोटू पतलू (निकवर २०१२ पासून) यांचे मोबाईल गेम निघाले, त्यातले गाजलेले मुख्यतः पळायचे आणि शर्यतीचे.

फुकट आणि लाईफ

बोर्ड जुना आहे, घड्याळ नवीन आहे. या गेमबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी. ॲपलनं जून २००९ मध्ये ॲपच्या आत खरेदीची सोय दिली ती फक्त विकतच्या ॲपना, ऑक्टोबर २००९ मध्ये ती फुकट ॲपनाही खुली झाली, आणि गूगलनं २०११ मध्ये अँड्रॉइडवर आणली. कँडी क्रश सागा एप्रिल २०१२ ला फेसबुकवर आणि वर्षाच्या शेवटाकडं मोबाईलवर आला, त्यानं पाच लाईफ (लेवल हरली की एक जाते) आणि दर लाईफ परत यायला अर्धा तास ही रीत घट्ट बसवली. पाचही संपल्या तर पुन्हा भरायला अडीच तास. तेवढ्यात एक तर थांबा, नाहीतर मित्राकडं मागा, नाहीतर पैसे द्या. मागायच्या रिक्वेस्टनं लोक इतके वैतागले होते की मार्क झुकरबर्ग ऑक्टोबर २०१५ मध्ये आयआयटी दिल्लीत आला तेव्हा लोकांनी सगळ्यात जास्त मतं दिलेला प्रश्न होता, या कँडी क्रशच्या रिक्वेस्ट बंद कशा करायच्या.

पैसे निघतात ते बहुतेक वेळा एक-दोन मूव्ह कमी पडल्यावर. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी कँडी क्रशवरच अभ्यास करून २०१७ मध्ये मांडलं की थोडक्यात हुकलेली लेवल सरळ हरलेल्या लेवलपेक्षा जास्त चिडवते आणि अजून खेळायची ओढही वाढवते. त्याच वर्षी एका मोठ्या अमेरिकन गेम कंपनीच्या संशोधकांनी खेळणाऱ्याप्रमाणे लेवलचा अवघडपणा बदलत ठेवायची पद्धत जाहीर मांडली आणि ती आपल्या जुळवणीच्या गेमवर लावून लोक जास्त वेळ खेळतात हे दाखवलं. त्यावरनं प्रत्येकच गेम असं करतो म्हणणं बरोबर नाही, पण 'काल सुटेना आणि आज पहिल्या झटक्यात कशी सुटली' या शंकेला वेडगळ म्हणून उडवूनही लावता येत नाही.

सांगलीकडची रीत

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हे गेम कॉलेजच्या पोरांकडनं घरातल्या बायकांकडं आणि म्हाताऱ्यांकडं गेले, आजचा मुख्य खेळणारा वर्ग तोच. वेळ ठरलेली असते, दुपारी जेवणं आवरल्यावर आणि रात्री सिरीयल सुरू व्हायच्या आधी. मिरजेत दवाखाने पुष्कळ, सोलापूरकडनं, कोकणातनं, कर्नाटकातनं पेशंट येतात, आणि ओपीडीच्या बाकड्यावर नंबर लागायची वाट बघणाऱ्या नातेवाइकांच्या हातात हटकून हा गेम दिसतो. नेट गेलं तरी बरेचसे गेम चालतात आणि मधेच फोन खिशात टाकला तर काही बिघडत नाही, तिथं ही सोय फार मोठी.

घरात खेळ एकट्याचा राहत नाही. विश्रामबागेतल्या एका घरातलं, आज्जी सोफ्यावर, नातू मागनं मान घालून:

"आज्जी, रॉकेट आत्ताच उडवू नको गं, बॉम्ब शेजारी येऊ दे."

"मग बदक कधी उतरायचं खाली? चारच मूव्ह राहिल्यात की रे."

"खालनं फोड, खालनं. वरचं आपोआप पडतंय."

आज्जीनं खालनं फोडलं, निळे पाच जमले, दुसरं रॉकेट आलं ते नेमकं बॉम्बला चिकटून, दोन्ही एकदम उडाले आणि तीन आडव्या तीन उभ्या ओळी साफ झाल्या. बदक तळाला. सेमगेमपासून चालत आलेली सगळी विद्या या एका वाक्यात आहे, खालनं फोड, आणि ती कुठं लिहिलेली वाचून आलेली नाही, बघून बघून आलीय. लाईफसाठी बऱ्याच घरांत व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर 'लाईफ पाठवा' असा मेसेज पडतो, जावा-नणंदा, माहेरची माणसं पाठवतात, वर्षभर एकमेकांना फोन न करणाऱ्या दोन घरांत एवढ्यावरनं बोलणं सुरू राहतं. हे चांगलं आहे आणि तसंच नोंदवून ठेवायला पाहिजे.

पैसे आणि पोरं

पोरांनी आईबापाच्या फोनवरनं न विचारता केलेल्या खरेदीवरनं अमेरिकेत २०१४ मध्ये ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गूगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करायची तडजोड करावी लागली, त्यानंतर पासवर्ड विचारायची पद्धत कडक झाली. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, पोरांच्या हातात फोन द्यायच्या आधी ती चालू करावी. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला. त्याची व्याख्या बदल्यात पैसे जिंकायच्या आशेवर टिकलेली आहे आणि कार्टूनच्या ठोकळ्यांत गेलेले पैसे कधीच परत येत नसतात, त्यामुळं हे गेम रमी-बिमीच्या रांगेत बसत नाहीत.

फोन बदलताना काळजी घ्यायची ती लेवलची. गेम फेसबुक, गूगल किंवा कंपनीच्या खात्याला जोडलेला नसेल तर नव्या फोनवर पहिल्या लेवलपासून सुरुवात होऊ शकते, म्हणून जुना फोन विकायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं जोडून घ्यावं आणि नव्या फोनवर लेवल आलेली बघूनच जुना फॉरमॅट करावा.