आज्ञापालन (ख्रिस्ती)

देवाच्या आज्ञा रोजच्या जगण्यात निष्ठेने पाळणे, याला ख्रिस्ती धर्मविचारात आज्ञापालन म्हणतात. ‘पोरगं ऐकत नाही’ असे म्हटले की त्याच्या कानात दोष आहे असे मराठीत कोणी समजत नाही. ऐकणे म्हणजे मानणे. हिब्रू ‘शमा’ या क्रियापदातही हे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे ही कल्पना मराठी माणसाला समजवायला कष्ट पडत नाहीत. पाळायला पडतात, ते वेगळे.

आज्ञापालनाचा पाया म्हणजे दहा आज्ञा (बायबलमधील निर्गम 20, अनुवाद 5). देवावर सर्वस्वाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती, या दोन आज्ञांवर सारे नियमशास्त्र उभे आहे असे येशूने सांगितले (मत्तय 22). प्रॉटेस्टंट शिकवणीनुसार तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळते. आज्ञापालन हे त्याचे फळ, त्याची किंमत नव्हे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांपैकी (चर्चपैकी) बऱ्याच अमेरिकन मिशनांच्या कामातून उभ्या राहिल्या: सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशन, सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन. या परंपरांत मूर्ती न पूजण्याची आज्ञा स्वतंत्र, दुसरी म्हणून मोजतात. कॅथलिक गणनेत ती पहिलीतच येते. हा फरक केवळ आकड्यांचा वाटेल, पण पालीच्या खंडोबाच्या यात्रेहून आलेला शेजारी प्रसादाचा द्रोण घेऊन दारात उभा राहिला की दुसरी आज्ञा घरात येते. प्रेषित पौलाने बायबलमधल्या आपल्या पत्रात नेमक्या याच पेचावर लिहिले आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही, म्हणून अन्नाने कोणी बाटत नाही. मात्र आपल्या खाण्याने दुबळ्या विश्वासाच्या भावाला अडखळण होत असेल तर खाऊ नये (1 करिंथ 8). कोणी ‘हे नैवेद्याचे आहे’ असे सांगितलेच, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी नको म्हणावे (1 करिंथ 10). म्हणून काही घरांत प्रसाद नम्रपणे नाकारतात, काही घरांत घेतात आणि न खाता बाजूला ठेवतात. शेजाऱ्यावरची प्रीतीही आज्ञाच असल्यामुळे ‘नको’ कसे म्हणायचे यालाही महत्त्व येते. भावकीतल्या जागरण-गोंधळाला जायचे की नाही, वर्गणी द्यायची की नाही, हे त्याच प्रश्नाचे पुढचे फाटे.

चोरी न करण्याची आज्ञा सोपी वाटते ती बाजारात जाईपर्यंत. खरा तराजू आणि खरी वजने ठेवा, असे लेवीय 19 मध्ये स्पष्ट बजावले आहे. ऊसपट्ट्यात वजन कमी दाखवण्याला ‘काटा मारणे’ असा शब्दच रूढ आहे, त्यामुळे या वचनाला इथे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. विसाव्याचा दिवस पाळण्याच्या आज्ञेबाबत, म्हणजे रविवार पाळण्याबाबत, मात्र हट्ट सैलावलेला दिसतो. उसाची तोड किंवा पाण्याची पाळी वार बघून येत नाही.

आज्ञापालन म्हणजे केवळ ‘करू नये’ची यादी नव्हे. रोग्यांना बरे करण्याची आज्ञा (मत्तय 10) मिशनरी वैद्यकसेवेने आपला आधार मानली. 1889 साली भारतात आलेले डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत उभारलेले रुग्णालय 1894 मध्ये सुरू झाले. सांगली आणि मिरजेच्या मधली वॉन्लेसवाडी त्यांच्याच नावाची.

बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेची, आज्ञा (मत्तय 28) हा साताऱ्यातला वेगळा विषय. कवी नारायण वामन टिळक यांनी स्वतः 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता. पण 1917 मध्ये मिशनचे काम सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. आज्ञा आधी की भक्ती आधी, हा वाद त्यातून उभा राहणे अटळ होते. तो मिटण्याआधीच, 9 मे 1919 रोजी, टिळकांचे मुंबईत निधन झाले.