एकट्या ईटीने अटारी बुडवली म्हणे!

सगळ्यात भिकार गेम कुठला असा वाद निघाला की कोणीतरी अटारी कंपनीच्या २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवरच्या ईटीचं (परग्रहावरच्या ईटीच्या सिनेमावरून काढलेला व्हिडिओ गेम) नाव काढतोच, आणि वर ठोकून देतो की लाखो ईटी वाळवंटात पुरले आणि त्या एका गेमपायी अटारी बुडाली. अर्धवट आहे हे. माल पुरला ते खरं, १९८३ मध्ये, न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत, पण २०१४ ला खणलं तेव्हा जी साधारण १३०० कार्ट्रिज (मशीनमध्ये खुपसायच्या गेमच्या डब्या) वर आली त्यात दहातलं एखाददुसरंच ईटीचं, बाकी सेंटिपीड, डिफेंडर असले चांगले गेमपण होते, म्हणजे गोदामातला पडून राहिलेला सगळाच माल टाकला होता.

गेम वाईट होताच, नाही कशाला म्हणा. खड्ड्यात पडायचं, मान लांब करून तरंगत वर यायचं, कडेला जरा चुकलं की परत आत, डोकं फिरतं! पण अटारीच्या हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरने तो पाचेक आठवड्यांत बनवला, कारण १९८२ चा ख्रिसमस गाठायचा होता. आणि पंधरा लाखांच्या वर खपलासुद्धा, फक्त बनवून ठेवलेला माल त्याहून कितीतरी जास्त. त्यात बाजारात ज्याने त्याने गेम काढलेले, दुकानं तुंबलेली, पॅक-मॅनचीही कार्ट्रिज गरजेपेक्षा जास्तच बनवलेली. मग एकट्या ईटीच्याच नावाने खडे कशाला फोडायचे?