उंधियूतलं पालथं मडकं

14 जानेवारीला, उत्तरायणाला म्हणजे संक्रांतीला, बडोद्यात अख्खं कुटुंब गच्चीवर असतं आणि जेवण फरसाणवाल्याकडून किलोवर येतं: उंधियू आणि जलेबी. भल्या सकाळी रांगेत उभं राहायचं काम घरात ज्याला पतंग येत नाही त्याचं. आमच्याकडे ते माझं आहे.

उंधियू म्हणजे हिवाळी भाज्यांची एकत्र भाजी. ती मुळात दुकानातली नाही, तपेल्यातलीही नाही. गुजरातीत 'ऊंधुं' म्हणजे उलटं, पालथं. थंडीत शेतावर पापडी (वालाची कोवळी शेंग), कोनफळ, रताळी, वांगी मातीच्या मडक्यात भरायची, तोंडात पाला घट्ट कोंबायचा, मडकं खड्ड्यात उपडं घालून भोवती गोवऱ्या-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. तोंड जमिनीकडे असल्याने वाफ आतच कोंडते आणि भाज्या स्वतःच्या ओलाव्यात शिजतात. वलसाडकडे ही रीत उंबाडियू या नावाने अजून चालू आहे. हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला मडकी मांडलेली दिसतात. सोबत हिरव्या लसणीची चटणी आणि ताक.

रायगडातली पोपटी हिची सख्खी बहीण. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, भांबुर्ड्याचा पाला, जमलं तर अंडी नि कोंबडी. म्हणून अलिबागकडचा पाहुणा आमचं उंधियू बघून पहिल्यांदा विचारतो, "एवढं तेल कशाला?" चुकत नाही त्याचं. बरं, ज्याला आपण छातीठोकपणे पारंपरिक म्हणतो त्यातला बटाटा अमेरिकेतून आलेला, रताळंही तिकडचंच. वाल, वांगं मात्र इथलं जुनं.

बडोद्याच्या मराठी घरांत हे कसं रुळलं? गायकवाडांचं बस्तान आधी सोनगडला, म्हणजे दक्षिण गुजरातेत. दमाजीरावांनी 1734 साली बडोदं घेतलं. नवसारी प्रांत 1949 च्या विलीनीकरणापर्यंत बडोदे संस्थानातच होता. पापडीचा मुलूख आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातली मराठी बिऱ्हाडं एकाच दरबाराची. पण माझ्या मते खरं कारण स्वयंपाकघरात आहे. आदल्या दिवशी भोगी. पावटा, वांगी, गाजर, हरभरा, वर तीळ आणि शेजारी बाजरीची भाकरी. मंडईतून आणलेल्या त्याच पिशवीतली निम्मी भाजी उंधियूला चालते. परकं वाटायला जागाच नव्हती.

खड्डा मात्र सुटला. शहरातल्या दाटीच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांत, जमीन कुठली खणणार? सुरती पद्धतीचं, मेथीचे मुठिये म्हणजे पिठाचे गोळे घातलेलं, तेलावर तरंगणारं तपेल्यातलं उंधियू आलं, मग कुकर. नाव तेवढं पालथं राहिलं.

15 ला वासी, म्हणजे शिळी, उत्तरायण. उरलेलं उंधियू गरम करून, ताज्या भाकरीशी, गूळपोळीच्या आधी. आई म्हणते, हेच खरं लागतं.